माझ्याकडे नसलेले पासवर्ड

"पारेख अ‍ॅट वन टू थ्री. पी कॅपिटल," स्पीकरवरून आवाज आला. "बरोबर ना, शेठ?"

पारेखभाईंच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की बरोबर आहे.

"सावे साहेबांचाही सांगू? सावे अ‍ॅट वन टू थ्री. एस कॅपिटल."

टेबलाच्या पलीकडे बसलेले सावे साहेब खुर्चीत सावरून बसले. मग त्या दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. फोनवरचा माणूस म्हणाला, "अर्ध्या तासाने पुन्हा करतो. विचार करून ठेवा," आणि त्याने फोन ठेवला.

ही केबिन तारापूर एमआयडीसीतल्या, कुंभवलीच्या बाजूच्या एका कारखान्यातली. इथे बँडेजचं कापड तयार होतं. पारेखभाई मालक, सावे साहेब एचआर मॅनेजर, आणि मी त्यांची सॉफ्टवेअरवाली. बोईसरला एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं छोटंसं ऑफिस आहे. आम्ही तिघं जणं आजूबाजूच्या कारखान्यांची सॉफ्टवेअरं करतो आणि सांभाळतो. या कारखान्यासाठी मी कामगार पोर्टल केलं होतं. मोबाइलवर लॉगिन करायचं, की आपली शिफ्ट दिसते, रजा टाकता येते, पगाराची स्लिप मिळते, शिफ्टच्या बसमधली सीट बुक होते. सगळे कामगार ते वापरायचे.

माझ्याआधी हे काम कर्णिक नावाच्या माणसाकडे होतं. फोनवरचा आवाज त्याचाच. सकाळी त्याने पारेखभाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "तुमच्या नव्या मॅडमची सिस्टीम गळकी आहे. सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडे आले आहेत. काम परत माझ्याकडे द्या, मी बंदोबस्त करतो."

मी तो फोटो मोठा करून पाहिला. टेबल माझंच होतं. युजरचं नाव, त्यापुढे अक्षर-आकड्यांचा एक तुकडा, त्यापुढे आणखी लांबलचक एक रांग. माझ्या डेटाबेसमधून ते बाहेर कसं गेलं, ते मला कळेना. आमच्या ऑफिसचा निम्मा भार या एका कारखान्यावर होता. तो गेला असता तर आम्हा तिघांपैकी एकाला तरी दुसरी नोकरी बघावी लागली असती.

"बेन," पारेखभाई म्हणाले, "तुम्हीच तर बोललेलात, पासवर्ड कोणाला दिसणारच नाही. तुम्हाला पण नाही."

"आजही तेच बोलते. मला दिसत नाही."

"मग त्याला कसा दिसला?"

"तेच शोधायचंय. पण आधी हा फोटो काय आहे ते समजून घ्या. नाहीतर तो म्हणेल ते तुम्ही मान्य कराल."

कर्णिकच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड जसेच्या तसे ठेवलेले असायचे. म्हणजे तुम्ही 'आंबा' टाकलं तर कॉम्प्युटरमध्ये 'आंबा'च लिहिलेलं. कोणी विसरलं की एचआरचा क्लार्क स्क्रीनवर बघून सांगायचा. एकदा बॉयलरवर काम करणाऱ्या रामसजीवनचा पासवर्ड त्याने कँटीनमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. ते त्याच्या बायकोचं लाडाचं नाव निघालं. पुढे कित्येक दिवस अख्खी शिफ्ट रामसजीवनला त्या नावाने हाक मारत होती. तो हसायचा, पण त्यानंतर त्याने ते जुनं सॉफ्टवेअर उघडायचंच सोडलं होतं.

मी काम घेतलं तेव्हा पहिल्यांदा हे बंद केलं. माझ्या पद्धतीत पासवर्ड साठवतच नाहीत. तुम्ही टाकलेला शब्द एका गणितातून जातो आणि बाहेर अक्षर-आकड्यांची एक रांग पडते. तिला हॅश म्हणतात. साठवायची ती फक्त रांग. उद्या तुम्ही लॉगिन केलंत की पुन्हा तेच गणित करायचं आणि नवी रांग जुन्या रांगेशी जुळते का बघायचं. जुळली, तर माणूस खरा. या गणिताला परतीचा रस्ता नाही. शब्दावरून रांग मिळते, रांगेवरून शब्द मिळत नाही.

हे मी पारेखभाईंना समजावत होते. उदाहरण म्हणून तोंडात आलं, "आता बघा, सुकट वाटून चटणी केली, की त्या चटणीतून..."

पारेखभाईंनी नाक मुरडलं. ते शुद्ध शाकाहारी.

"बरं, गहू," मी म्हणाले. "गहू दळले, पीठ झालं. आता त्या पिठाचे पुन्हा गहू होतील?"

"नाही होणार."

"कर्णिककडे पीठ गेलंय. गहू नाही."

सावे साहेबांनी मान वर केली. "पण मॅडम, समजा मी आणि शेठनी एकच पासवर्ड ठेवला. मग दोघांचं पीठ सारखंच दिसणार. एकाचा कळला की दुसऱ्याचा कळलाच."

प्रश्न बिनतोड होता. त्यासाठीच सॉल्ट असतो. सॉल्ट म्हणजे मीठ, पण इथे मीठ म्हणजे कॉम्प्युटरने प्रत्येक युजरसाठी स्वतंत्र उचललेली, काहीही अर्थ नसलेली अक्षरं. ती पासवर्डला जोडायची आणि मग दळायचं. शंभर जणांनी एकच पासवर्ड ठेवला तरी शंभर वेगळ्या रांगा पडतात. आणखी एक फायदा. लोकांचे नेहमीचे पासवर्ड आणि त्यांचे तयार हॅश, अशी सामग्री चोरांकडे आधीच बनवून ठेवलेली असते. सॉल्ट घातला की ती सगळी तयारी फुकट जाते. प्रत्येक युजरसाठी दळण नव्याने घालावं लागतं. फोटोत नावापुढे जो छोटा तुकडा होता ना, तो त्या त्या माणसाचा सॉल्ट. तो लपवायचा नसतोच. चोराला दिसला तरी त्याचं काम सोपं होत नाही.

"मग आमचे दोघांचे कसे कळले?" पारेखभाई.

"अंदाज लावला. हॅश उलटा फिरवता येत नाही, पण अंदाज लावायला कोणी अडवू शकत नाही. तुमचं नाव, सॉल्ट आणि हॅश समोर आहे. पारेख वन टू थ्री घालून दळलं, नाही जुळलं. पारेख अ‍ॅट वन टू थ्री घालून दळलं, जुळलं. झालं."

"पण हा पासवर्ड तुमच्या कॉम्प्युटरने घेतला होता!"

"आधी नव्हता घेतला. सोपे पासवर्ड नाकारायचा नियम मी लावला होता. तो काढून टाका असं कोण म्हणालं होतं?"

पारेखभाईंनी खिडकीबाहेर बघितलं. सावे साहेबांना अचानक खोकला आला.

माझा धीर थोडा परत आला, कारण बोलता बोलता माझ्याच डोक्यात एक गोष्ट आली. कर्णिकने दोनच पासवर्ड सांगितले होते. सगळे असते तर त्याने अकाउंट्सचा सांगितला असता, परचेसचा सांगितला असता, घाबरवायला रांगच लावली असती. दोनच सांगितले, याचा अर्थ हाताशी जेमतेम तेवढेच असावेत. माझं सॉफ्टवेअर हे दळण मुद्दाम सावकाश घालतं. लॉगिन करणाऱ्याला ते जाणवतही नाही, पण लाखो अंदाज चालवणाऱ्याला प्रत्येक अंदाजामागे तेवढं थांबावं लागतं.

"भाई, त्याला एक पासवर्ड विचारा," मी म्हणाले. "मी सांगेन त्या माणसाचा. त्याच्या पसंतीचा नाही."

"कोणाचा?"

"पॅकिंगच्या यमुनाताई धनूंचा."

यमुनाताई किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातल्या. नवरा बोटीवर, त्या इथे पॅकिंगला. पोर्टल सुरू झालं तेव्हा कँटीनमध्ये मी सगळ्यांना पासवर्ड टाकायला शिकवत होते. सगळ्यांचं झालं, बस हॉर्न वाजवायला लागली, तरी यमुनाताई एकेक अक्षर दाबतच होत्या. मी विचारलं, "ताई, केवढं लिहिताय?" तर म्हणाल्या, "माजी आय बोलायची ना, त्यातलां एक वाक्य हाय. अख्खां टाकतेय. कोनाला सांगनार नाय." तेव्हा मी हसले होते. आता त्या वाक्याचा मला केवढा आधार वाटला!

सावे साहेबांनी त्यांना बोलावणं पाठवलं. डोक्यावर पॅकिंगची टोपी तशीच, हात पुसत यमुनाताई दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, मी काय केलां?"

"काही नाही केलं. बसा."

त्या बसल्या नाहीत. मालकाच्या केबिनमध्ये बसायला बोलावतात म्हणजे काहीतरी मोठंच झालंय, असं त्यांना वाटलं असणार. मी त्यांना सगळं सांगितलं. एक माणूस म्हणतोय, त्याला सगळ्यांचे पासवर्ड कळलेत. तुमचा तो सांगू शकतो का ते बघायचंय.

"मंग मी तुमाला सांगू काय माजा?"

"अजिबात नाही. मलाही नाही, शेठनाही नाही. त्याने सांगितला तर फक्त हो किंवा नाही म्हणा."

"तो कसा सांगंल?" त्या म्हणाल्या. "माजे घोवाला पन म्हायती नाय."

फोन वाजला. पारेखभाईंनी स्पीकर सुरू केला.

"मग शेठ, काय ठरलं?" कर्णिकचा आवाज अगदी मजेत होता.

"ठरवतो. पण माझी खात्री पटव," पारेखभाई म्हणाले. "पॅकिंगला यमुना धनू म्हणून आहे. तिचा सांग."

"शेठ, पॅकिंगवालीचा काय करायचाय तुम्हाला? मी तुमचा स्वतःचा सांगितला ना."

"तू बोललास सगळ्यांचे आहेत."

"आहेत. वर्कर लोकांची फाइल वेगळी ठेवलीय. ती आत्ता समोर नाही."

"ही फोटोतली तिसरी ओळ तिचीच आहे," मी मध्येच म्हणाले. "तुम्हीच पाठवलाय फोटो."

"कोण, चुरी मॅडम का? नमस्कार!" आवाजातली मजा जरा कमी झाली. "मॅडम, या लोकांचे पासवर्ड मराठीत असतात. त्यांचं डिकोडिंग वेगळं असतं."

"तसं काही नसतं. बरं, तिचा राहू दे. माझा सांगा. पहिली ओळ."

"तुमची परीक्षा द्यायला मी फोन केलेला नाही."

यमुनाताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "याला काय येत नाय." हळूच म्हणाल्या, पण स्पीकरला ऐकू गेलं.

कर्णिक भडकला. "काय येत नाही? अहो, तुमची अक्कल बघा आधी! काम माझ्याकडून काढून घेतलंत, पण जुना सर्व्हर तसाच चालू. त्यावर माझं लॉगिन अजून चालतं! तुमच्या मॅडमच्या बॅकअपची कॉपी रोज तिथेच जाऊन पडते. मी घरात बसून उचलली. आणि म्हणे येत नाही!"

पारेखभाई फोनच्या जवळ वाकले. अगदी सावकाश म्हणाले, "म्हणजे न विचारता तू माझ्या कॉम्प्युटरमध्ये घुसलास. आम्ही चार जण ऐकतोय."

फोन कट झाला.

सावे साहेब कपाळाला हात लावून बसले होते. जुना सर्व्हर कोपऱ्यातल्या खोलीत 'असू दे, कधी लागला तर' म्हणून ठेवलेला होता. कंपनीच्या आयटीवाल्याने त्यावर बॅकअपची आणखी एक प्रत टाकायला सुरुवात केली होती, मला न सांगता, चांगल्या हेतूने. कर्णिकचं रिमोट लॉगिन बंद करायचं मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी उठले, त्या खोलीत गेले आणि आधी नेटवर्कची वायर काढली. मग सावे साहेबांसमोर बाकीचं सगळं बंद केलं.

परत आले तेव्हा पारेखभाई खुशीत होते. चहा मागवला होता. यमुनाताईंनाही कप दिला होता. त्या उभ्यानेच पीत होत्या.

"झालं ना, बेन! त्याच्याकडे काही नाही. आता हा विषय इथेच बंद. बाहेर एक शब्द नको."

"विषय बंद नाही झाला, भाई. टेबल त्याच्याकडे आहे. आज दोन अंदाज लागले, महिनाभर कॉम्प्युटर चालवला तर आणखी लागतील. सोपा पासवर्ड असलेले सगळे सापडतील. सगळ्यांना आजच्या आज पासवर्ड बदलायला लावायचा."

"लावू. सांगू की अपडेट आलाय."

"खरं कारण सांगायचं. लोक एकच पासवर्ड सगळीकडे वापरतात. इथला, इमेलचा, फेसबुकचा, सगळ्याचा एकच. नुसतं अपडेट म्हटलं तर इथला बदलतील, बाकीचे तसेच राहतील."

"कारखान्याचं नाव खराब होईल. उद्या गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर?"

"उद्या कोणाच्या इमेलमध्ये कोणी घुसलं, आणि आपल्याला माहीत असून आपण बोललो नाही असं कळलं, तर?"

"तुम्ही माझ्यासाठी काम करता की त्यांच्यासाठी?" पारेखभाईंचा आवाज चढला.

मी काही बोलायच्या आत यमुनाताईंनी कप टेबलावर ठेवला. "शेट, माला म्हायती झालां ना आता. मी तं जाऊन सांगनार. माज्या लाइनीत बारा बायका हायत. त्यांना मी काय सांगू, अपडेट आला म्हनून?"

पारेखभाई त्यांच्याकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं. पण ते हसायला लागले. "सावे, हिला कोणी अडवू शकणार आहे का?"

"नाही, साहेब."

"मग आपणच सांगू. निदान नीट सांगू."

शिफ्ट सुटायच्या वेळी गेटजवळ आम्ही दोन टेबलं मांडली. सावे साहेबांनी सिक्युरिटीचा भोंगा घेतला आणि मराठीत, मग हिंदीत, जे झालं ते सरळ सांगितलं. स्वतःचा पासवर्ड चोराला कळला हेही सांगितलं. कोणीतरी मागून ओरडलं, "साहब, क्या था पासवर्ड?" सावे साहेबांनी तोही सांगून टाकला. अख्खं गेट हसलं. त्या हसण्याने आमचं निम्मं काम झालं. मोबाइल बाहेर निघाले.

मी एकच गोष्ट सांगत होते. नाव नको, वाढदिवस नको, वन टू थ्री नको. तुमच्या घरात बोलतात तसं एक अख्खं वाक्य टाका. जेवढं लांब, तेवढं बरं. कोणी किनाऱ्यावरच्या बोलीत टाकत होतं, कोणी डोंगराकडच्या वारलीत, कोणी भोजपुरीत. एका पठ्ठ्याने आपलं वाक्य मोठमोठ्याने म्हणत टाइप केलं आणि त्याच्या शेजारच्यानेही तेच टाकलं. दोघांना पुन्हा बदलायला लावलं. शिफ्टच्या बसचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकले, मग खाली उतरून स्वतःचेच पासवर्ड बदलायला लागले, पोर्टलचे नव्हे तर इमेलचे.

रामसजीवन मोबाइल छातीशी धरून आला. "मैडम, ये वाला तो कोई नहीं पढ़ेगा ना? एचआर वाला भी नहीं?"

"कोई नहीं. मैं भी नहीं."

"पक्का?"

"पक्का. भूल गए तो नया बनाना पड़ेगा, पुराना कोई बता नहीं सकेगा."

तो बाजूला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ काहीतरी टाइप करत होता. वळला तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं. बायकोचं नाव त्या वाक्यात असणारच, अशी माझी खात्री आहे. पण विचारायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पारेखभाईंनी पोलिसात रीतसर तक्रार दिली. कर्णिकला बोलावणं गेलं. त्याच्याकडची कॉपी जप्त झाली, आणि एमआयडीसीतली त्याची उरलेली कामंही सुटली. बाकीच्या कारखान्यांत कोणी त्याच्याविरुद्ध काही बोललं नाही, पण आपापले जुने सर्व्हर मात्र सगळ्यांनी तपासायला घेतले. त्यातले तीन कारखाने ते तपासायला माझ्याकडे आले. तिघांपैकी कोणाला काढावं लागेल या काळजीत असलेली मी, चौथी खुर्ची घेऊन आले.

पारेखभाईंच्या परवानगीने मी चोरीला गेलेल्या जुन्या टेबलावर स्वतःच अंदाज चालवून पाहिले. सापडले ते मूठभर. केबिनमधले होते, मशीनवरचेही होते. आळसाला हुद्दा नसतो. ज्यांनी लांब काही टाकलं होतं त्यातलं एकही सापडलं नाही. सोपे पासवर्ड नाकारायचा नियम मी परत लावला, आणि या वेळी तो काढा असं कोणी म्हणालं नाही.

सॉल्ट, हॅश हे सगळं ऐकायला भारी वाटतं. त्याचा अर्थ एवढाच, की दुसऱ्याचं गुपित आपल्याकडे ठेवायचंच नाही. ओळख पटण्यापुरती खूण ठेवायची. आपल्याकडे जे नाहीच, ते आपल्याकडून कोण नेणार? आणि खूण कितीही चांगली असली तरी गुपित 'वन टू थ्री' असेल, तर माझ्यासारखीचाही इलाज नाही.

गेल्या आठवड्यात पारेखभाईंचा फोन आला. "बेन, ते लांब वाक्य ठेवलं होतं ना, आठवत नाही. अर्धं आठवतं. तुम्ही जरा..."

"मला माहीत नाही, भाई. नवीन करायची लिंक पाठवते."

"मालकाला पण नाही?"

"मालकाला पण नाही."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि नवीन केला. हल्ली कारखान्यात कोणी पाहुणा आला की ते मला बोलावून ओळख करून देतात. "ह्या आमच्या चुरीबेन. ह्यांना काहीही विचारा, माहीत नसतं. म्हणून तर ठेवल्यात."